फुगून बसलेले सुतारपक्षी

डहाणूत बसून अमेरिकेतले पक्षी ओळखायचं काम मी आणि माझ्या धाकट्या जावेने दोन हिवाळे केलं. तिकडच्या लोकांनी परसात दाण्यांची भांडी टांगलेली असत, समोर कॅमेरा. पक्षी आला की फोटो निघे. पुण्याच्या एका कंपनीकडून ते फोटो आमच्या संगणकावर येत आणि प्रत्येकाखाली आम्ही पक्ष्याचं नाव निवडायचं. त्यातला एकही पक्षी आम्ही प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता.

मी पद्धत लावून दिली होती. आधी पक्षी काय करतोय ते बघायचं. जमिनीवर सांडलेलं टिपतोय तर बहुधा जुंको, खोडावरून डोकं खाली करून उतरतोय तर नटहॅच. मग रंग, मग चोच. हे सगळं लिहून कागद भिंतीला चिकटवला होता. जाऊ तिकडे फिरकायची नाही. तिने कितीतरी वर्षं चिकूच्या वखारीत प्रतवारी केलेली; फळ हातात न घेता नुसत्या नजरेने लहान-मोठं वेगळं करायची. पक्षीही तसेच करायची, आणि भराभर. दुपारी डोळे जळायला लागले की मीही तेच करायचे.

जानेवारीत पुण्याहून तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. "जाऊबाईंचे सुतारपक्षी जवळजवळ सगळे चुकलेत. शनिवारपर्यंत सुधारून द्या, नाहीतर त्यांचं काम बंद करावं लागेल."

तिकडे दोन सुतारपक्षी असे आहेत की दोघेही काळे-पांढरे, दिसायला सारखेच. एक लहान, एक मोठा. जावेने सगळे मोठ्यात टाकले होते. हे काम गेलं की तिला पुन्हा वखारीत जावं लागणार. तिथे दिवसभर उभं राहूनच तिची कंबर धरली होती, आणि डॉक्टरांनी उभ्याचं काम सोडा म्हणून बजावलं होतं. तरी तिने मुकादमाला फोन करून सोमवारपासून येते म्हणून सांगून टाकलं.

"एवढी काय घाई?" मी म्हटलं.

"ताई, जागा भरली तर तीही जाईल."

फोटो परत बघायला बसलो. घरचा स्वयंपाक, पाणी, सासूबाईंची औषधं सांभाळून पुन्हा तेच काळे-पांढरे पक्षी. मान आखडली. काही केल्या चूक दिसेना.

"हा बघा, कसा फुगून बसलाय," ती म्हणाली. "माहेरी गंजाडला कोंबड्या आजारी पडल्या की अश्शाच बसायच्या."

"सगळ्या अमेरिकेत रोग आलाय का?"

"मग तुम्ही सांगा."

फोटोत मागे सगळं पांढरं होतं. भांड्याच्या कडेला बर्फ लोंबत होता. आम्ही पंखा लावून बसलो होतो.

"अगं, थंडीने पिसं फुलवलीत त्यांनी. आहेत लहानच."

"म्हणजे इतके दिवस मी हवा मोजत होते?"

"चोच बघ. चोच थोडीच फुगते!"

लहान सुतारपक्ष्याची चोच डोक्याच्या निम्म्यापेक्षा आखूड; मोठ्याची जवळजवळ डोक्याएवढी. त्या हिशेबाने बघत गेलो, तर बहुतेक सगळे लहान निघाले. शनिवारी दुपारी पाठवून दिले. संध्याकाळी बाईंचा फोन आला. "आता बरोबर आहेत. दोघी चालू ठेवा. पुढचे फोटो पाठवलेत."

जावेने लगेच मुकादमाला फोन लावला. त्याचा गुजराती वळणाचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता. "काय बेन, परवा जागा धरली, आज सोडली? मी काय एसटीची सीट राखून ठेवतो?"

"दुसरीला द्या काका. कंबर शाबूत असेल अशीला."

फोन ठेवून तिने टेबलावर डोकं टेकलं आणि तशीच झोपली. मी नवे फोटो उघडले. गेल्या उन्हाळ्यातली पिल्लं होती, रॉबिनची असावीत; छातीभर ठिपके, आईबापांसारखं एकही दिसत नव्हतं. हे ती उठल्यावर बघू म्हटलं, आणि चहा टाकायला गेले.