पदराची परीक्षा

कर्वेनगरच्या बागेत रोज सकाळी एक बाई येतात. त्या फेऱ्या मारत नाहीत की व्यायाम करत नाहीत. बागेतल्या नव्या लोखंडी बाकांपाशी थांबतात आणि साडीचा पदर बाकाच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतात. कुठे धागा अडकला, तर पिशवीतून कानस काढून तेवढी कड घासतात.

पुण्यात लोक काहीही करतात, म्हणून बरेच दिवस मी गप्प बसलो. तेही बाकावर पेपर अंथरून, कारण सार्वजनिक बाकांनी आजवर माझ्या बऱ्याच विजारी फाडल्यात. शेवटी विचारलंच, "अहो, हे काय चाललंय?"

"बाक माझे आहेत," त्या म्हणाल्या.

धायरीत त्यांचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. वर्षानुवर्षं खिडक्यांच्या जाळ्या केल्या. मग लहान उद्योजकांसाठीच्या सरकारी वर्गात त्या निविदा भरायला शिकल्या. लहान उद्योग म्हणून अनामतही माफ झाली, आणि हे पहिलं सरकारी काम थेट त्यांच्या नावावर आलं.

"पण आता बिलही पास झालं असेल ना?" मी म्हणालो. "सरकारी काम इतकं कोण बघतं?"

कानस पिशवीत टाकून त्या ताठ उभ्या राहिल्या.

"बघत कोणी नाही हो. पण बसतात सगळे."

मी उठलो, पेपरची घडी करून काखेत मारली आणि नुसत्या बाकावर ऐटीत बसलो.