सही आमची, दर त्यांचा

“चपला बाहेर काढ. चावी आत दे,” मालक म्हणाले. समोर बसलेले सिमेंटचे दोन व्यापारी हसले. त्यांच्या पायांत बूट होते. माझ्या भावाने दारात चपला काढल्या.

चावी म्हणजे डिजिटल सहीची. पेनड्राइव्हएवढी. ती संगणकाला लावल्याशिवाय सरकारी टेंडर भरता येत नाही. चावी आणि पासवर्ड ज्याच्याकडे, सही त्याची. जालना रोडवरच्या त्या कार्यालयात, मालकांच्या ड्रॉवरमध्ये पेढ्यांचा रिकामा डबा होता. त्यात लहान ठेकेदारांच्या चाव्या पडलेल्या असत. लहानांच्या चाव्या मोठ्याने ठेवून घ्यायच्या, ही इथली रीत. तिला ‘सहकार्य’ म्हणत.

मी तिथे टेंडरची कागदपत्रं तयार करायचे. सिव्हिलचा डिप्लोमा. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. दादाची ठेकेदार म्हणून नोंदणी मीच करून दिली होती. मालकांनी व्यापाऱ्यांना माझी ओळख करून दिली.

“हिचा बाप मेंढरं वळतो, ही टेंडरं वळती. खानदानी धंदा हाय.”

पुन्हा हसू.

मग आमच्याच गावात काम निघालं. करमाडच्या पुढे, शाळेच्या दोन खोल्या. दादा आला. बस म्हणालं नाही कुणी. उभाच राहिला.

“मालक, येवढं मला करू द्या. गावातलं हाय.”

“भरू की. तुझं बी भरू.”

भरलं. मी सुट्टीवर असताना, दादाला न विचारता, त्याच्याच चावीने. स्पर्धा झाली असं दिसायला तीन नावं लागतात. मालकांचा दर सर्वांत कमी. दादाचा सर्वांत चढा.

दर उघडले की ते संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतात. गावात मोबाइलवर फिरले. पारावर चुलते दादाला म्हणाले, “बाहेरचा कमीत बांधाया तयार हाय, अन् तू घरचा असून लेकरांच्या शाळंवर चरायला निघाला व्हय रे?”

दादाने मान खाली घातली. काय सांगणार? सही त्याची होती. तो पारावर जायचा बंद झाला.

मी मालकांना विचारलं. म्हटलं, दादाचं गावात नाव खराब झालं.

“नाव?” ते म्हणाले. “त्याला नाव व्हतं कधी? माझ्या टेंडरात घातलं तवा लोकायला नाव कळलं त्याचं.”

मालकांकडे काय नव्हतं? खडी क्रशर, डांबराचा प्लांट, रांगेने डंपर. आणि हा माणूस दोन खोल्यांच्या कामात एका खऱ्या दराला घाबरला होता. इतकी वर्षं मी याला मोठा समजत होते. भीती तिथेच संपली. उरली ती किळस.

“उद्यापासून मी येत नाही,” म्हटलं.

“भावाची चावी घेऊन जा मग. बघू कोण काम देतं ते.”

“राहू द्या डब्यात.”

दुपारी दादाला सोबत नेऊन जुनी सही रद्द केली. नवी काढली. डब्यात आता नुसतं प्लास्टिक होतं.

गारखेड्यात एक गाळा घेतला. लहान ठेकेदारांची कागदपत्रं करते. उलाढालीचा दाखला, यंत्रांचे कागद, अनुभवाची प्रमाणपत्रं. लोक येतात आणि सवयीने चावी टेबलावर ठेवतात. सोयगावच्या एका ठेकेदाराला ती परत दिली, तर तो रुसला.

“ताई, इश्वास नाय का आमच्यावर? सगळे ठिवून घेतात.”

“म्हणूनच नाही घेत. शेजारी बसा. दर तुम्ही ठरवा, तुम्ही टाका.”

“लई ताठा हाय बा,” तो म्हणाला. पण बसला.

दादाचं पुढचं टेंडर अपात्र ठरलं. एका कामाचा पूर्णत्वाचा दाखला कमी पडला. मालकांचा निरोप आला, “फिटली का हौस?”

नाही फिटली.

दाखला मिळवला आहे. मालक ज्या कामावर हात ठेवून बसलेत, तेच काम दादा भरतोय. पुन्हा अपात्र ठरेल, पुन्हा भरेल. हरला, तर स्वतःच्या दराने हरेल. आणि गावात कुणी विचारलं, हा आकडा कुणाचा, तर मान वर करून सांगेल, माझा.