पांढऱ्यावर पांढरी अक्षरं

त्याला सगळे सूतभर म्हणायचे, आणि त्यात दोष त्याचाच होता. चाळीस वर्षं एकच शब्द तोंडात ठेवला की लोक दुसरं काय म्हणणार? "डावी टाच सूतभर चढवू या." "इथे सूतभर घासलं की झालं." माणूस बुटांचा कारागीर, पण साध्या बुटांचा नव्हे. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी तो बूट करायचा.

असे बूट बाजारात मिळतात, नाही असं नाही. पण एका बुटाच्या तळाला जाडजूड ठोकळा चिकटवलेला असतो आणि गल्लीतलं शेंबडं पोरही ते लांबून ओळखतं. सूतभरच्या बुटाला ठोकळा नसायचा. थोडी उंची तो आत टाचेखाली बुचाची बसवायचा, थोडी तळात वाटून टाकायचा, आणि दुसऱ्या बुटाची ठेवण अशी जमवायचा की जोडी शेजारी ठेवली तर कुठला चढवलेला, हे त्याचं त्यालाही चटकन सांगता येऊ नये. जे दिसायला नको ते आत, हा त्याचा बाणा.

पहिली जोडी त्याने केली ती एका एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी. तिचा उजवा पाय दोन बोटं आखूड. जोडी घेऊन गेली आणि पुढच्याच आठवड्यात शिलाई बघायला म्हणून परत आली. मग बंद बघायला. मग पॉलिश विचारायला. बूट काही इतक्या वेळा बिघडत नाहीत, हे शेजारच्या दुकानदाराला आधी कळलं, याला सहा महिन्यांनी. तीच त्याची बायको. आजही दुकानात खिडकीपाशी बसून ती मशीनवर अस्तरं शिवते.

साइट काढून दिली भाचीने. ती एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कामाला, पण रविवारी मामाकडे. बारा पानं झाली: पायाचं माप घरी कसं घ्यावं, चामडं कोणतं, फोटो. मग एके दिवशी ती म्हणाली, "मामा, लोक जे शब्द टाइप करून शोधतात ते आपल्या पानावर असले तर आपण सापडतो." आणि तिने त्याला यादी वाचून दाखवली. लंगड्यासाठी बूट. लंगड्या मुलीची चप्पल. पांगळ्या पायाचे बूट. ऐकताना सूतभरचा चेहरा उतरला. माणसं स्वतःबद्दल असं लिहितात, कारण तिथे कुणी बघत नसतं.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "पांढऱ्यावर पांढरं लिहिता येतं का गं?"

"येतं की."

"मग झालं. मशीनला वाचू दे. माणसाला दिसायला नको."

बाराही पानांच्या तळाशी ते शब्द पांढऱ्या अक्षरांत जाऊन बसले, बुटात बूच बसवावं तसे. दोन वर्षं फोन येत राहिले. एकदा लांबच्या शहरातून एक शिक्षिका आली, पंचेचाळिशीची. लहानपणापासून बुटात कापडाची घडी घालून चालत आलेली. नवी जोडी घालून ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आणखी लवकर का नाही सापडलात?" मग रडायला लागली. सूतभर आधीच चमकणाऱ्या बुटांना पुन्हा ब्रश मारत बसला. तो प्रश्न मात्र त्याच्या जिवाला लागला.

आणि मग साइट शोधात दिसेनाशी झाली. पत्ता टाकला तर उघडायची, पण शोधलं तर नाव नाही. सर्च कंपनीचा निरोप आला होता: तुमच्या पानांवर लपवलेला मजकूर आहे, ही फसवणूक आहे, दुरुस्त करा आणि फेरविचाराचा अर्ज करा.

"फसवणूक?" सूतभर म्हणाला. "मी कुणाला फसवलं?"

"मशीनला एक दाखवायचं आणि माणसाला दुसरं, याला ते फसवणूकच म्हणतात, मामा. आपलं हात दाखवून अवलक्षण झालं."

भाचीने पहिल्या पानावरचे शब्द पुसले आणि 'चूक झाली, क्षमस्व' असा अर्ज धाडला. बाकीच्या अकरा पानांना सूतभरने हात लावू दिला नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, नाही म्हणून. इकडे जुनी गिऱ्हाइकं येत होती, नवा माणूस चार महिन्यांत एक नाही. फोन वाजला की तो चामडं कापायची रापी खाली ठेवून धावायचा, आणि पलीकडून कुणीतरी कर्ज हवंय का विचारायचं. तिकडे कुणीतरी बुटात कापडाची घडी घालतंय आणि मी सापडत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात.

"एक तर शब्द काढा, नाही तर उघड लिहा," भाची म्हणाली. "तिसरी वाट नाही."

"काढले तर ती माणसं येणार कुठून? आणि उघड लिहून त्यांच्या तोंडावर मारू?" घोडं इथेच पेंड खात होतं.

खिडकीपाशी मशीन थांबलं. "कुठले शब्द म्हणे?" बायकोने विचारलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भाचीने मामाकडे बघितलं. शेवटी तिने हळूच यादी वाचली.

"लंगडी," बायको म्हणाली. "एवढंच ना? अहो, लग्नाआधी मला सगळी गल्ली हेच म्हणायची. तुमच्या घरात आले आणि हा शब्द बंद झाला. भांडणात नाही, चेष्टेत नाही. पहिली दोन वर्षं फार बरं वाटलं. मग वाटायला लागलं, या माणसाला माझ्या पायाची लाज वाटते. म्हणून तर बुटांशिवाय मी तुमच्यासमोर कधी चालले नाही."

सूतभर आठवू लागला. सकाळी तो उठायचा तेव्हा तिच्या पायात बूट असायचेच. रात्री ती पलंगावर बसून काढायची, तेही दिवा घालवल्यावर. आणि याला चाळीस वर्षं वाटत होतं, जोडी इतकी छान जमली आहे की हिला काढवत नाही. त्या गोष्टीचा अभिमान होता त्याला.

"लाज?" तो म्हणाला. "अगं, तुला लागू नये म्हणून..."

"ते आज कळतंय. सांगायला तोंड नव्हतं का?"

त्याच दुपारी त्याने अर्ज स्वतः सांगितला, भाचीने टाइप केला. 'लपवायला मी सांगितलं, भाचीने नव्हे. माझ्या धंद्यात लपवणं म्हणजे काळजी घेणं. तुमच्याकडे तसं नाही, हे आता कळलं. सगळी पानं दुरुस्त केली आहेत.' आणि पहिल्या पानावर काळ्या अक्षरांत लिहिलं: 'लंगड्यासाठी बूट असं शोधत आलात का? मग बरोबर आलात. माझी बायको लंगडते. तिचे बूट मीच करतो.'

"चालेल?" त्याने तिला विचारलं.

"चालेल. आणि माझी एक जुनी जोडी कापून आतलं बूच दाखवा. लोकांना कळू दे काय असतं ते."

स्वतःच्या हातचा बूट कापताना त्याची रापी दोनदा घसरली, पण फोटो चांगला आला.

पुन्हा तीन आठवडे गेले. निरोप आला: बंदी उठवली आहे. त्यानंतर पाचव्या दिवशी फोन वाजला. पलीकडे एक पुरुष होता, शब्द चाचपत बोलणारा. "ते... लंगड्यांचे बूट करतात, ते तुम्हीच का?"

सूतभरने खिडकीकडे बघितलं. बायको मशीनवरून उठली होती. तिचे बूट खुर्चीखाली होते आणि ती त्याच्या मापाच्या वहीकडे निघाली होती, अनवाणी, प्रत्येक पावलाला उजवीकडे खोल झुकत.

"हो," तो म्हणाला, "मीच. बोला." आणि तिने आणून दिलेली वही उघडून पेन्सिल हातात घेतली.