मागच्या दाराची बॅटरी

चोर शिरला की बोंब ठोकणारे भोंगे दुकानादुकानांतून बसवण्यात त्याच्या उमेदीची वर्षं गेली, म्हणून सगळे त्याला भोंगेवालाच म्हणत. यंत्रं एवढी कर्कश, पण माणूस कमालीचा भिडस्त. नाही म्हणायची वेळ आली की याच्याच कपाळावर घाम.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मावशींच्या दुकानाचं मागचं दार त्याच्या कंपनीच्या करारात नव्हतं. तिथे एक जुना सेन्सर होता आणि त्याची बॅटरी सारखी मान टाकायची. भोंगेवाला जाता-येता डोकवायचा, स्वतःच बदलून द्यायचा.

मग कंपनीने वकीलबाई आणल्या. त्यांनी सगळ्या कारागिरांना बसवून बजावलं, "करारात नाही ते काम करू नका. एकदा केलंत तर मेहेरबानी. सारखं केलंत की उद्या चोरी झाल्यावर ग्राहक म्हणेल, ही तुमची जबाबदारीच होती. जादा सेवा सुचवा. नको म्हणाले, तर तशी सही घ्या." बाईंचं एक अक्षर चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत.

कागद घेऊन तो मावशींकडे गेला.

"मावशी, मागचं दार करारात घालून घ्या. नाहीतर नको म्हणून सही लागेल."

"कशाला घालू? तू बघतोस की."

"आता नाही बघता येणार. मनाई झालीय."

"मनाई!" मावशी डोळ्यावरचं भिंग काढून हसल्या. "या खुर्चीत बसायला मला दिरांनीही मनाई केली होती. बसलेय ना?"

टेबलावर लोकांची घड्याळं उघडी पडली होती. त्यातलं एक जरी गेलं, तरी मावशींच्या दुकानाची पत गेली. त्याने समजावलं, हात जोडले, शेवटी आवाज चढवला. "मागून चोर आला तर भोंगा वाजेलच असं नाही, मावशी! आणि कंपनी हात वर करेल."

"कंपनी करेल रे. तू थोडाच करशील?" म्हणत त्यांनी न वाचताच 'नको'समोर झोकात सही ठोकली.

त्याला स्वतःची लाज वाटली.

"पुढच्या आठवड्यात आणशील ना बॅटरी?"

हो म्हणायची सोय नव्हती आणि नाही म्हणायला तोंड उघडेना. तो नुसती हत्यारांच्या पिशवीची चेन लावत-उघडत राहिला. मावशींनी तेच हो धरलं आणि भिंग डोळ्याला लावून त्या पुन्हा कामाला लागल्या.