एउलोखिओला पोचवताना

दोमितिला कोल्के लग्न होऊन तोलार गावात आली, तेव्हा सगळं गाव मिठागरावर राबत होतं. वाळवंटातलं ते मिठाचं तळं उन्हात डोळे जाळायचं. ते बघायला मुद्दाम कुणी येईल, असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मग डांबरी रस्ता आला, पाठोपाठ पाहुणे आले. लोकांनी आधी एकेक खोली भाड्यानं दिली, मग आख्खं घरच, आणि बिऱ्हाडं कालामा शहरात हलवली. गल्लीत जुनी माणसं दोनच उरली : दोमितिला आणि तिचा नवरा एउलोखिओ.

ऑगस्टातल्या वाऱ्याच्या दिवसांत एउलोखिओ गेला. सकाळी उठलाच नाही. शवपेटी त्यानं स्वतःच करून ठेवली होती, निवडुंगाच्या हलक्या लाकडाची.

मेलेल्याला शेजाऱ्यांनी खांद्यावरून न्यायचं, ही गावची रीत. दोमितिलानं काळी शाल घेतली आणि शेजारच्या फाउस्तिनोचं दार वाजवलं. फाउस्तिनो कधीच शहरात गेला होता, पण सवयीनं पाय तिकडेच वळले. दार एका अनोळखी मुलीनं उघडलं.

"सगळ्या खोल्या भरल्यात, आजी."

"खोली नको गं पोरी. माणसं हवीत. माझा नवरा गेलाय."

मुलगी गोंधळून आत पळाली. स्वयंपाकघरातून रुफिना आली, बोलिव्हियाहून कामाला आलेली बाई. तिनं ॲप्रन सोडला आणि चौकात थांबलेल्या, पाहुण्यांना फिरवणाऱ्या ड्रायव्हरांना हाका मारल्या.

"आत्ता? सूर्यास्ताची फेरी चुकेल," एक जण म्हणाला. "मेलेला थांबतो, सूर्य थांबत नाही."

"स्वतःच्या आईलाही असंच ठेवशील का, मेल्या? ऊठ!" रुफिना कडाडली.

तो उठला, त्याच्यामागून दुसराही. तिसरी रुफिना. चौथा खांदा दोमितिलानं दिला. नको म्हणालेल्यांचं तिनं ऐकलं नाही. पेटी सारखी तिच्याकडे कलत होती, तेव्हा फेरीची काळजी करणारा तो ड्रायव्हर गुडघे वाकवून चालू लागला. पाहुण्यांनी वाट दिली. कुणी टोपी काढली, कुणी फोन वर धरला.

आठव्या दिवशी मेलेल्याचे कपडे धुवायचे. पूर्वी आख्खी गल्ली पाण्याच्या पाटावर जमायची, रडता रडता मेलेल्याच्या चेष्टाही व्हायच्या. रुफिना येते म्हणाली होती, पण नेमका पाहुण्यांचा मोठा गट उतरला. दोमितिलानं एकटीनंच सदरे घासले, लोकरी टोपी धुतली. चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते झाडाच्या खोडाला बांधून पीळ घातला.

वारा वाढला तेव्हा तिनं जमिनीवर वाळत पसरलेल्या सदऱ्यांच्या बाह्यांवर दगड ठेवले आणि सगळं वाळेपर्यंत तिथंच बसून राहिली.