सुपावरची सावली

आमचे सासरे, हौशीराम आप्पा, भलतेच हट्टी. तळेगाव ढमढेऱ्यातलं जुनं घर रस्त्यात गेलं, त्याच साली सासूबाई गेल्या. तवापासून नव्या घरात असे बसत्यात, जसं काय पाव्हणे आलेत. मी कितीदा चिडले. पण चिडून काय? त्यांचा जीव जुन्या दारात अडकलेला.

माझी लेक प्रगती पुण्यात नोकरीला हाय. बांधायच्या आधीच गिऱ्हाइकाला घर आतून फिरवून दाखवायचं, डोळ्याला जाडजूड चष्मा लावून, हे तिचं काम. तिनं फोटोंवरून आमचं जुनं घर तसंच उभं केलं आन् दिवाळीत आप्पांना चष्मा चढवला.

आप्पा हात पुढं करून चालले. पडवी वळखली, चूल वळखली. सैपाकघराच्या दारात थांबले, ते थांबलेच. आत जमिनीवर गव्हाचं सूप ठेवलेलं, त्यावर दारातला उजेड. चष्मा काढून म्हणाले, "पोरी, सगळं हाय. पण माझी सावली पडत न्हाई."

प्रगती हसली. म्हणाली, चष्म्यात माणसाला अंगच नसतं, सावली कुठली? मीही म्हणलं, आता ह्यांचं हे काय नवीन.

आप्पा म्हणाले, "तिला ऐकू येत नव्हतं गं. सुपावर सावली आली की तिला कळायचं, मी आलोय. आता कसं कळायचं?"

सासूबाई दाराकडं पाठ करून निवडायला बसायच्या. सावली पडली की मान न वळवता म्हणायच्या, उजेड सोडा, खडे दिसंनात. रोज तेच. मला तर ऐकून कंटाळा यायचा.

प्रगती दोन आठवडे त्या सावलीमागं लागली. आप्पांना पटंना. एवढी काळी न्हाई म्हणायचे, सारवलेल्या अंगणाचा उजेड बाजूनं आत यायचा. तिनं पाचदा बदलली.

मग एका रविवारी आप्पा चष्मा लावून परत त्या दारात उभे राहिले. मला लॅपटॉपवर दिसत व्हतं. सूप अंधारलं. आप्पा हलंनात. मला बाई वाटलं, आता सासूबाई बोलतील. घरात कुणीच बोललं न्हाई.

बऱ्याच वेळानं आप्पा एक पाऊल बाजूला सरकले, आन् गव्हावर पुन्हा उजेड आला.