कष्ट कोणी काढले

हैदराबादच्या मलकपेठेत माझं जुन्या फर्निचरचं दुकान होतं. भाषेवरून राज्याचे तुकडे झाले तेव्हा मराठी कारकून आणि हुद्देदार औरंगाबादेकडे निघाले, आणि कर्नूलकडून तेलुगू साहेबलोक शहरात उतरले. जाणाऱ्यांचे पलंग मी भाव पाडून घ्यायचो, येणाऱ्यांना चढवून विकायचो. घासाघीस केल्याशिवाय माझ्या दारातून खुर्चीसुद्धा बाहेर गेली नव्हती. म्हणून एका तेलुगू बाईंनी कपाटाचा मी सांगितलेला भाव निमूट कबूल केला, तेव्हाच मला शंका आली.

"कम करो बोलते नै तुमे?" मी विचारलं.

"नक्को सेठ. हम लोगां चर्च में आप के वास्ते दुआ कर रैं. खुदा आप का दिल नरम करिंगा."

"मेरे दिल को क्या हुआ?"

"आप अपने भाई को इत्ता सताये ना."

कपाट मी त्यांना विकलं नाही.

मी छळलेला भाऊ तो हा. रझाकारांनी आमचं मराठवाड्यातलं गाव जाळलं त्या दिवशी तो विहिरीच्या कपारीत लपून वरून येणाऱ्या आईच्या हाका ऐकत होता. हाका थांबेपर्यंत बाहेर आला नाही. मी त्याला हैदराबादला आणलं, आणि इथे त्याला सेंदी, म्हणजे शिंदीची ताडी, सापडली. प्यायलं की हाका ऐकू येत नाहीत, म्हणायचा. सेंदीखान्याच्या दारातून त्याला खांद्यावर घालून आणायचो ते मी. ओकारी धुवायचो ते मी. घरातली भांडी तो बाजारात विकायचा, आणि तीच भांडी मी परत विकत आणायचो.

मग सिकंदराबादच्या एका चर्चच्या पाळकांनी त्याला हाताशी धरलं. तिथे व्यसन सोडणाऱ्यांची सभा भरायची. गाणी, प्रार्थना, आणि मग एकेकाने उठून आपण व्यसनातून कसे सुटलो याची साक्ष द्यायची. त्याने सेंदी सोडली, बाप्तिस्मा घेतला, विहिरीची गोष्ट चारचौघांत बोलला. मला आनंद झाला. पण घरी सकाळ-संध्याकाळ एकच, प्रभूने मला उचललं, प्रभूने मला उचललं. कोणी उचललं ते माझ्या कंबरेला विचारा.

ही सभा आधी मराठीत चालायची. मराठी माणसं शहर सोडून गेली तशी ती तेलुगू सभेत मिसळली, आणि भावाची साक्ष तेलुगूत सांगायला एक मास्तर नेमले गेले. कपाटवाल्या बाई येऊन गेल्या, त्यानंतरच्या रविवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

भाऊ म्हणाला, "माझ्या दादाने माझ्यापायी फार कष्ट काढले."

मास्तर म्हणाले, "मा अन्न नन्नु चाला कष्टपेट्टाडु."

धंद्यामुळे मला तेलुगू येत होतं. माझ्या भावाने मला फार छळलं, असा त्याचा अर्थ. सभा हळहळली. पाळकांनी माझ्या कठोर हृदयासाठी डोळे मिटले.

सभा सुटायच्या आधी चहा होता. अंगणात मी मास्तरांना गाठलं.

"कष्ट म्हणजे कष्टच ना?" मास्तर म्हणाले.

"तुमच्यात छळ. आमच्यात मेहनत."

पाळक मध्ये पडले. "भाऊसाहेब, शांत व्हा. आपण सगळेच पापी आहोत."

"असेन मी पापी. पण हे पाप माझं नाही."

"पुढच्या रविवारी प्रार्थनेत तुमचं नाव घेऊ."

"तेच तर घेताय इतके दिवस."

भावाने माझा हात धरला. "दादा, जाऊ दे ना. देवाला सगळं माहीत आहे."

"देवाला माहीत असून मला काय उपयोग? कपाट घ्यायला आलेल्या बाईला माहीत नाही. आत्ताच आत जाऊन सांग. याच लोकांना."

"मला तेलुगू येत नाही."

"सेंदी मागायला कोणती भाषा लागत होती?"

त्याचा चेहरा उतरला. माझा हात सोडून तो फाटकाकडे बघत राहिला. फाटकाबाहेरचा रस्ता कोणत्या सेंदीखान्याकडे जातो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पाळक माझ्याकडे असे बघू लागले की मास्तरांचं भाषांतर खरंच ठरावं. पण शब्द मागे घेण्याची मला सवय नव्हती.

भाऊ वळला आणि आत गेला. माणसं पुन्हा बाकांवर बसत होती. मास्तर उठायच्या आत तो दख्खनीत बोलू लागला, जी त्या हॉलमध्ये प्रत्येकाला कळत होती.

"मेरे भाई मेरे को नै सताये. मैं उनो को सताया. मोरी में से उठा के लाये मेरे को. मेरे को हाकां सुनाई देते तो उनो हाथ पकड़ के बैठते थे. काम छोड़ के बैठते थे."

पाळकांनी हात वर केले आणि असा भाऊ दिल्याबद्दल प्रभूचे आभार मानले. सगळे एका आवाजात आमेन म्हणाले. म्हणजे हेही प्रभूच्याच खात्यावर गेलं.

मी निघालो. भाऊ फाटकापर्यंत धावत आला. "दादा, रागावू नको. ते देवाचे आभार मानतात. मी तुझे मानतो."

"मग हे इथे काय सांगतोस?" मी म्हणालो. "आत जाऊन सांग."

तो पुन्हा आत गेला.